अल्बर्ट किंगची मींड आपल्या गिटारवर

'बॉर्न अंडर अ बॅड साइन' हा अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादक अल्बर्ट किंगचा अल्बम मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीने १९६७ साली काढला. साथीला स्टॅक्सचा घरचाच बॅण्ड: कीबोर्डवर बुकर टी. जोन्स, रिदम गिटारवर स्टीव्ह क्रॉपर, बेसवर डक डन, ड्रम्सवर अल जॅक्सन, शिवाय ब्रास. सोल संगीताच्या घट्ट ठेक्यावर ब्लूज गाणारा आवाज आणि त्याच्या ओळीला उत्तर देणारी गिटार. त्या गिटारीत सूर मोजकेच आहेत. ऐकणाऱ्याला धरून ठेवतं ते तार ताणणं, म्हणजे आपल्या भाषेत मींड.

शीर्षकगीत काळी एकमध्ये आहे, त्यामुळे फोनवरचा तानपुरा त्या पट्टीत लावूनच बसा. सूर धानी रागाचे: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये हात बाराव्या फ्रेटवर आणा. दुसऱ्या तारेवर १२ म्हणजे कोमल नी आणि १४ म्हणजे सा. पहिल्या तारेवर १२ म्हणजे कोमल ग, १४ म्हणजे म. तिसऱ्या तारेवर १३ म्हणजे खालचा प. या पाच जागांना गिटारवाले 'अल्बर्ट किंग बॉक्स' म्हणतात, आणि सुरुवातीचे काही आठवडे याच्या बाहेर जायचं कारण नाही.

अल्बर्ट डावखुरा होता. उजव्या हाताची गिटार उलटी धरायचा, तारा मात्र तशाच ठेवायचा. त्यामुळे बारीक तार वर, छताच्या बाजूला यायची आणि तो ती जमिनीकडे खेचायचा. शिवाय तारा नेहमीच्या सुरापेक्षा खाली उतरवलेल्या, म्हणजे सैल. उजव्या हाताने वाजवणाऱ्याने पहिली तार खाली खेचायला जाऊ नये, ती फिंगरबोर्डवरून घसरून पडते. आपण ती वरच ढकलायची. ९-४२ चा, म्हणजे बारीक तारांचा, सेट लावा. एक सूर खाली ट्यून केलंत तर आणखी सोपं जातं, पण मग वरचे आणि खाली येणारे सगळे आकडे दोन फ्रेट पुढे सरकवा.

पहिली मींड म वरून प वर. आधी पहिल्या तारेचा सोळावा फ्रेट वाजवून प कानात बसवा. मग तिसरं बोट चौदाव्यावर, दुसरं आणि पहिलं त्याच्या मागे त्याच तारेवर टेकवा. अंगठा नेकच्या वरून बाहेर काढा आणि दाराची मूठ फिरवावी तसं मनगट फिरवा. जोर मनगटातून यायला हवा. नुसत्या बोटांनी ढकललं तर सूर प च्या अलीकडेच थांबतो, आणि सगळ्यात जास्त मुलं इथेच बेसूर होतात. प लागला की तिथे दोन मात्रा स्थिर राहा. कंपन नंतर.

आता उलट. तार आधी न वाजवता प पर्यंत ताणा, मग छेडा आणि सावकाश म वर उतरा. ताणताना कानाला काहीच आधार नसतो, म्हणून हे अवघड. सतारवाल्यांना मात्र ओळखीचं वाटेल.

बाराव्या फ्रेटवरचा कोमल ग सरळ कधीच ठेवू नका. पहिल्या बोटाने किंचित वर दाबा, इतकंच की तो कोमल आणि शुद्धच्या मधे कुठेतरी तरंगेल. पेटीवर हा सूर नाही, त्यामुळे पेटीशी ताडून बघायचा प्रयत्न फुकट. अर्धा सूर पूर्ण चढवलात तर शुद्ध ग होतो आणि ब्लूज निघून जातो. बाराव्यावरूनच थेट प पर्यंतची लांब मींड (चार अर्धे सूर) म ते प चोख बसल्यावरच घ्या.

प्लेक (तार छेडायची पट्टी) बाजूला ठेवा. अल्बर्ट अंगठ्याने वाजवायचा. अंगठ्याच्या मांसल कडेने तार जोरात सोडा, अ‍ॅम्प जवळजवळ क्लीन, म्हणजे आवाज न फाटता, ठेवा. गेन वाढवला की जोरात आणि हळू यातला फरकच पुसला जातो.

ताणलेला सूर मधेच 'ठक' होऊन मेला तर तार पुढच्या फ्रेटला घासते आहे. गोलाई जास्त असलेल्या जुन्या धाटणीच्या फिंगरबोर्डवर हे हमखास होतं. बाराव्या फ्रेटपाशी अ‍ॅक्शन (फ्रेटपासून तारेची उंची) २ मिलिमीटरच्या आसपास आणा. मींडीनंतर तार उतरत असेल तर नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत पेन्सिलचं शिसं घासा. तरंगता ट्रेमोलो ब्रिज असेल तर एक तार ताणताना बाकीच्या खाली जातात, म्हणून स्प्रिंगा घट्ट करून ब्रिज बॉडीला टेकवा. दुसरी तार बोटाखाली शिरून खरखरत असेल तर बोटाच्या टोकाने ती वर लोटत न्या, सोबत ढकलली गेली तरी चालते.

शेवटी गाऊन बघा. एक ओळ गाताना हात तारांवर नुसता ठेवायचा, ओळ संपली की श्वासभर थांबून दोन-तीन सुरांचं उत्तर द्यायचं. कॉर्ड वाजवू नका, ते काम अल्बममध्ये क्रॉपरचं आहे. साथीला कुणी नसेल तर फोनवर एका कॉर्डचा ठेका लावा. शीर्षकगीत बराच वेळ एकाच कॉर्डवर राहतं, त्यामुळे अडणार नाही. 'ओह, प्रिटी वुमन' पुढे घ्यायचं असेल तर शोधताना गायकाचं नाव टाका, नाहीतर रॉय ऑर्बिसनचं त्याच नावाचं वेगळंच गाणं समोर येईल.