कॅलिपर बदलायच्या आधीचा आठवडा

बॅन्जो बोल्ट. मोटरसायकलच्या पुढच्या ब्रेकचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबून चाक थांबवणारा भाग) घरी बदलायचे तर काय आणायचं, त्या यादीची सुरुवात इथूनच करतो, कारण मागच्या वेळी हीच एक वस्तू आणायची राहिली आणि तिच्यापायी एक नवा कोरा कॅलिपर वाया गेला. बाकी सगळं आणलं होतं. दोन महिने पैसे साठवून कॅलिपर, नवे पॅड, स्टीलच्या जाळीच्या नळ्या, ऑइल, अगदी हातमोजेसुद्धा. बोल्ट मात्र जुनेच वापरू म्हटलं, चांगले तर आहेत.

माझी गाडी होंडा सीबीआर १००० आरआर, २०११ सालची, एबीएस (ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) नसलेली. पुढे ३२० मिलिमीटरच्या दोन डिस्क आणि टोकिकोचे चार पिस्टनचे रेडियल कॅलिपर. त्यांच्या जागी ब्रेम्बोचे एम४ बसवायचे होते. आता नीट ऐका. ब्रेकची नळी कॅलिपरला ज्या पोकळ बोल्टने जोडलेली असते तो बॅन्जो बोल्ट. होंडाचा हा बोल्ट १० मिलिमीटर जाडीचा, आट्यांचं पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर, १.२५ मिलिमीटर. ब्रेम्बोच्या कॅलिपरचं भोकही १० मिलिमीटरचंच, पण पिच १.००. हातात घेतले तर दोन्ही बोल्ट सारखेच दिसतात. जुना बोल्ट नव्या भोकात दीड-दोन फेरे बोटांनी जातोही. मग अडतो. मला वाटलं, नवा माल आहे, भोकात रंग राहिला असेल. पान्हा लावला. बोल्ट स्टीलचा, कॅलिपर ॲल्युमिनियमचा. बोल्ट आत गेला खरा, पण कॅलिपरचे आटे कापत गेला. ऑइल भरून लिव्हर दाबली तशी बॅन्जोपाशी थेंब दिसला. आणखी आवळला तर बोल्ट नुसताच फिरायला लागला.

थेंब पार्किंगमध्येच दिसला, हे नशीब. असे अर्धवट कापलेले आटे पार्किंगमध्ये धरून राहिले असते आणि घाटात जोराचा ब्रेक मारताना सुटले असते, तर पुढचे दोन्ही ब्रेक एकदम गेले असते. मास्टर सिलिंडर, म्हणजे लिव्हर दाबली की नळ्यांत ऑइल ढकलणारा भाग, दोघांना एकच आहे.

म्हणून पहिली खरेदी: १.०० पिचचे दोन बॅन्जो बोल्ट, कॅलिपरच्या टोकांसाठी. कॅलिपरची ऑर्डर देताना त्याच ऑर्डरमध्ये घाला, नंतर नको. रविवारी काम काढून मग नाना पेठेत शोधू, असं डोक्यात असेल तर ते काढून टाका. मी सोमवारी तीन दुकानं फिरलो. ‘दहाचा बॅन्जो’ म्हटल्यावर तिन्हीकडे १.२५ चाच समोर आला. आणि वरचं टोक विसरू नका. मास्टर सिलिंडर होंडाचाच ठेवणार असाल तर तिथला बोल्ट १.२५ चाच राहणार. म्हणजे एकाच नळीच्या एका टोकाला एक पिच आणि दुसऱ्या टोकाला दुसरं. पुढे कधी मास्टर सिलिंडरही ब्रेम्बोचा आरसीएस घेतलात तर तिथेही १.०० लागेल. दोन वेगळ्या पिशव्या करा, मार्करने मोठ्या आकड्यात लिहा.

ओळखायचं कसं? थ्रेड गेज असेल तर प्रश्नच नाही, शंभर-दोनशे रुपयांची वस्तू आहे, घेऊन टाका. नसेल तर दहा मिलिमीटर लांबीत किती आटे बसतात ते मोजा. १.०० चे दहा, १.२५ चे आठ. किंवा दोन बोल्ट एकमेकांना आडवे चिकटवून उजेडाकडे धरा. पिच एक असेल तर आटे एकमेकांत बसतात, फट दिसत नाही. आणि शेवटची परीक्षा बोटांची: योग्य बोल्ट कोरड्या भोकात नुसत्या बोटांनी तळापर्यंत जातो. कुठेही पान्ह्याची गरज वाटली तर थांबा. ही परीक्षा पार्सल आल्या दिवशी करा, गाडी उघडल्यावर नव्हे.

आता बाकीचं.

आधी कॅलिपर खरंच हवेत का, ते बघा. मला ताम्हिणी उतरताना लिव्हर मऊ लागायची, म्हणून मी या वाटेला लागलो. नंतर कळलं की त्यातलं निम्मं दुखणं जुन्या ऑइलचं होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ ऑइलचा उकळबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश असावा लागतो, पाणी शोषलेल्या अवस्थेत तो १५५ पर्यंत उतरलेला चालतो. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि दमट हवा, त्यात दोन वर्षं न बदललेलं ऑइल. घाटात ते उकळून नळीत वाफेचे बुडबुडे झाले की लिव्हर मऊ होणारच. तेव्हा आधी ऑइल बदला, मग पॅड, मग जाळीच्या नळ्या. एवढं करूनही समाधान नसेल तर कॅलिपर. सांगूनही कोणी या क्रमाने जात नाही, मीही गेलो नव्हतो.

तुमच्या सीबीआरला एबीएस असेल तर पुढचं वाचू नका. होंडाने २००९ पासून या गाडीत दिलेली ती यंत्रणा पुढचा-मागचा ब्रेक इलेक्ट्रॉनिक पद्धतीने एकत्र चालवते. तिच्या मापात घरी हात घालण्यात अर्थ नाही.

माप घ्या. रेडियल कॅलिपरच्या दोन बोल्टांमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, १०८ मिलिमीटर किंवा १०० मिलिमीटर असतं. माझ्या गाडीला १०८ लागतं. एम४ दोन्हींत मिळतो, त्यामुळे ‘एम४ आहे का’ विचारून भागत नाही, आकडा सांगा. डिस्क ३२० चीच ठेवणार असाल तर स्पेसर लागत नाही. ३३० ची घेतलीत तर कॅलिपर ५ मिलिमीटर बाहेर सरकवावा लागतो आणि त्याप्रमाणे लांब बोल्टही लागतात. डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. ती वाचा, मायक्रोमीटरने मोजा. झिजलेल्या डिस्कवर महागडा कॅलिपर लावू नका.

पिस्टनचं गणितही करून ठेवा, नाहीतर पहिल्या दिवशी निराश व्हाल. समजा जुने पिस्टन ३२ चे आणि नवे ३४ चे आहेत. क्षेत्रफळ १३ टक्क्यांच्या आसपास वाढतं. मास्टर सिलिंडर तोच असेल तर तेवढंच जास्त ऑइल सरकवावं लागणार, म्हणजे लिव्हर पूर्वीपेक्षा आत येणार. ताकद कमी लागेल, पण लिव्हर ‘दगडासारखी’ होणार नाही. बरेच जण इथे हवा राहिलीय समजून चार चार वेळा ब्लीड करत, म्हणजे हवा काढत, बसतात.

नकली माल. ब्रेम्बोच्या नावाने खूप येतो आणि फोटोत ओळखू येत नाही. निम्म्या किमतीत मिळतोय तर तो नकली आहे, एवढं धरून चाला. बॉक्समध्ये खरवडायच्या कोडचं कार्ड असेल तर कोड कंपनीच्या साइटवर तपासा. ब्रेकच्या बाबतीत ओळखीच्या माणसाच्या शब्दावर जाऊ नका, मग तो कितीही जवळचा असो.

वॉशर. तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे, प्रत्येक वेळी नवे, कारण हे वॉशर एकदा दबले की त्यांचं काम झालेलं असतं. प्रत्येक कॅलिपरला दोन, आणि वर मास्टरपाशी दोन नळ्या एकाच बोल्टवर येत असतील तर तिथे तीन. झाले सात. दहा आणा, एक तरी गाडीखाली घरंगळतोच. आणि हे लिहिताना पुन्हा सांगतो: वॉशर आणलेत म्हणजे बॅन्जोचा विषय संपला असं नाही. मी वॉशर मोजून आणले होते. बोल्ट आणले नव्हते. बोल्ट, १.०० चे, दोन. बॅन्जोच्या आट्यांना टेफ्लॉन टेप किंवा लॉकटाइट (आटे चिकटवणारा डिंक) लावू नका, गळती वॉशरने थांबते. कुणी टेपचा सल्ला दिला तर समजा, त्याचा बोल्ट चुकलेला आहे.

कॅलिपर फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांना) धरणारे बोल्ट होंडा दर वेळी नवे घालायला सांगते, चार नग मागवा. नव्या कॅलिपरच्या कानाची (ज्यातून हे बोल्ट जातात त्या भागाची) जाडी जुन्याइतकीच आहे का तेही बघा. कान जाड असेल तर बोल्टचे आटे फोर्कमध्ये कमी बसतील, आणि तिथे कमी बसलेले चालत नाहीत.

टॉर्क रेंच दोन लागतात. एक मोठा: होंडाच्या मॅन्युअलमध्ये कॅलिपरच्या बोल्टला ४५ न्यूटन मीटर आहे, बॅन्जोला ३४. पण तो ३४ चा आकडा होंडाच्या बोल्टचा. नव्या कॅलिपरबरोबर जो कागद येतो त्यातला आकडा नव्या बॅन्जोला लावायचा. कागद फेकू नका. दुसरा रेंच लहान, ब्लीड निपलसाठी, म्हणजे कॅलिपरमधली हवा काढायच्या तोंडासाठी. निपल अंदाजाने आवळून तोडणारे मी पाहिले आहेत. शेजाऱ्याकडचा रेंच चालेल, फक्त तो वापरून झाल्यावर त्याच्या सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवलेला असावा.

ऑइल डॉट ४, सीलबंद, दोन छोट्या बाटल्या. अर्धी उरलेली बाटली कपाटात असेल तर ती विसरून जा, पाण्याचं वर आलंच आहे. डॉट ५ चुकूनही नको, ते सिलिकॉनचं असतं, यात मिसळत नाही. ५.१ चालतं, नावावरून गोंधळ होतो. ऑइल रंग खातं. टाकीवर आणि फेअरिंगवर जाड फडकं, शेजारी पाण्याची बादली. सांडलं तर पुसत बसू नका, आधी भरपूर पाणी ओता.

ब्रेक क्लीनर, नायट्राइल मोजे, पारदर्शक नळीचा तुकडा, बाटली, मागचा-पुढचा पॅडॉक स्टँड. नेहमीचंच. एक मदतनीस हवा, लिव्हर दाबायला. त्याला आधीच बजावून ठेवा की कॅलिपर डिस्कवर नसताना लिव्हरला हात लावायचा नाही. पिस्टन बाहेर येतात.

कामाचा दिवस सकाळी सुरू होणारा निवडा आणि त्या दिवशी गाडीची गरज नसावी. मी शनिवारी संध्याकाळी बसलो होतो. अंधार पडत आला, भूक लागली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी मित्रांबरोबर निघायचं ठरलं होतं. बोल्ट अडला तेव्हा थांबायला हवं होतं हे हातांना कळलं होतं, पण सकाळचं निघणं डोळ्यांसमोर होतं. पुढचे दोन दिवस मोकळे ठेवा. मग अडलेला बोल्ट अडलेलाच ठेवून घरात जाता येतं.

बसवताना: कॅलिपर डावा-उजवा नीट, ब्लीड निपल वरच्या बाजूला. बॅन्जो आधी बोटांनी तळापर्यंत. बोटांनी. मग वॉशर घालून, नळीचा कोन बघून, मग रेंच. नळीचा कोन जुन्यापेक्षा वेगळा येतो. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि पुढची बाजू दाबून बघा, नळी मडगार्डला किंवा रिमला घासता कामा नये. चाक हाताने फिरवा. रिमच्या आतल्या बाजूला चिकटवलेली बॅलन्सची वजनं नव्या कॅलिपरला लागू शकतात, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

हवा काढायला वेळ लागतो, नव्या कॅलिपरमध्ये जास्तच. बॅन्जोच्या वळणात बुडबुडा अडकतो, तिथे नळीवर पान्ह्याच्या दांड्याने हलके टकटक करा. ऑइलची डबी रिकामी होऊ देऊ नका. लिव्हर घट्ट झाली की दाबून बांधा, अर्धा तास सोडा, टॉर्चने प्रत्येक बॅन्जो बघा, कोरड्या टिश्यूने पुसून बघा. टिश्यूवर डाग आला तर आवळू नका. उघडा, आटे बघा, बोल्टचं पिच पुन्हा मोजा.

चालवणं: आधी सोसायटीत, चालण्याच्या वेगाने. मग मोकळा सरळ रस्ता, मध्यम ब्रेक पंचवीस-तीस वेळा, मधे थंड होऊ देत, पूर्ण न थांबता. त्या दिवशी घाट नाही.

५० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कवर तपासा. जुने कॅलिपर पुसून, पिस्टनमध्ये लाकडाचा तुकडा घालून बॉक्समध्ये ठेवा, आणि त्यांचे १.२५ चे बॅन्जो त्याच बॉक्समध्ये, चिठ्ठी लावून. टूलबॉक्समध्ये सुटे ठेवू नका.