स्प्रिंकलर बंद झाला तरी हिनोकीचं पाणी तोडू नका : न्यू जर्सीकरांसाठी सप्टेंबर ते नोव्हेंबर

गणपती गेले की इकडे गार्डन सेंटरवाल्यांचे सेल लागतात आणि आपली निम्मी मंडळी शेजाऱ्याचं ट्रॅम्पोलिन दिसू नये म्हणून डेकच्या कडेने हिनोकीसारखी पाच-सात सदाहरित झाडं आणून लावते. लावा, जरूर लावा. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा मध्य ह्याच्याइतका चांगला मुहूर्त नाही, माती ऊबदार असते, मुळं चालतात. फक्त लावल्यावर पाणी बंद करू नका, बाकी सगळं थोडंफार चुकलं तरी झाड सांभाळून घेतं.

दर वर्षी मार्चमध्ये मला फोटो येतात, झाड तांबूस झालेलं आणि खाली प्रश्न, "दादा, हा कुठला रोग?" अहो रोग नाही. ते झाड नोव्हेंबरातच गेलेलं असतं, आपल्याला कळतं मार्चमध्ये. ख्रिसमसला बुंध्यापासून कापून आणलेलं झाड घरात महिनाभर हिरवं राहतंच ना, तसंच हे. हिरवं दिसतंय म्हणजे जिवंत आहे असं अजिबात समजू नका.

होतं काय, ऑक्टोबरच्या शेवटी स्प्रिंकलरवाला येतो, पाइप हवेने फुंकून रिकामे करून जातो आणि आपल्याला वाटतं झालं, ह्या वर्षीचं पाणी संपलं. त्यात दिवाळीला तीन आठवडे इंडियाला गेलो तर बघायलाच नको. पण सदाहरित झाड थंडीतही पानांतून पाणी सोडतं, फेब्रुवारीत ऊन आणि वारा दोन्ही लागतात, खाली जमीन दगडासारखी गोठलेली, मुळं पाणी आणणार कुठून? डिसेंबरमध्ये जे झाड तहानलेलं शिरलं ते मार्चमध्ये लाल होऊनच बाहेर येणार. २०२४ चा ऑक्टोबर आठवतोय ना? न्यू जर्सीत नोंदी सुरू झाल्यापासूनचा सगळ्यात कोरडा महिना होता तो, नोव्हेंबरच्या मध्याला राज्याने दुष्काळाचा इशारा दिला. त्या सीझनला लावलेल्या माझ्या स्वतःच्या तीन क्रिप्सींपैकी (हिनोकीचीच एक जात) दोन गेल्या. मी शेतकऱ्याचा पोरगा, आणि मलाच वाटलं थंडी पडलीय, आता कशाला पाणी! घरी वडिलांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, नवीन कलमाला हस्तानंतर पाणी नको असं तुला कोणी शिकवलं?

अजून एक फसवणूक मातीची. नर्सरीच्या कुंडीतली हुंडी, म्हणजे मुळांसकट येणारा गोळा, हा बहुतेक पाइनच्या सालीचा भुसा, आणि आपल्या एडिसन-पिस्कॅटवेची माती लाल चिकण. पाऊस पडला की बाजूची चिकण माती ओली दिसते पण हुंडी आतून कोरडी ठणठणीत असू शकते. लॉनचं स्प्रिंकलर गवताची तहान भागवतं, झाडाची नाही. म्हणून लांब स्क्रूड्रायव्हर खोडाच्या जवळ, खुद्द हुंडीत खुपसून बघा, बाजूच्या मातीत नाही. सहा इंचांवर ओल लागली नाही तर त्याच दिवशी पाणी.

किती? अधिकृत हिशोब आठवड्याला एक इंच, पाऊस धरून. पावसाचं माप घ्यायला ट्यूनाचा रिकामा डबा अंगणात ठेवा, तेवढं पुरे. माझा आपला हिशोब सोपा आहे, चार-पाच फुटी झाडाला आठवड्याला पाच गॅलनच्या दोन बादल्या. हार्डवेअरच्या दुकानातली बादली घ्या, तळाला तीन बारीक भोकं पाडा, हुंडीवर ठेवा, भरा आणि आत जाऊन चहा घ्या. बाहेरचा नळ बंद केला असेल तर बेसमेंटमधल्या नळाने भरून आणा. रविवारी मराठी शाळेतून आलात की बादली, असं एकदा ठरवून टाकलं की विसरत नाही. हे जमीन गोठेपर्यंत, म्हणजे थँक्सगिव्हिंगपर्यंत नक्की आणि डिसेंबर ऊबदार असेल तर पुढेही. लावल्यापासून पहिली दोन वर्षं हेच. इंडियाला जाताय तर घराची किल्ली देताय त्याच शेजाऱ्याला बादलीपण दाखवून जा.

आता कुठलं झाड घ्यायचं. खाली सांगतोय ती सगळी खोटे सायप्रस (फॉल्स सायप्रस) म्हणून ओळखली जाणारी मंडळी, आपल्या वहीत ठेवायच्या मोरपंखीची लांबची भावंडं. आर्बोर्व्हायटीपेक्षा (कुंपणाला लावतात ती थुजा) मला हीच आवडतात, कारण हरणं ह्यांना सहसा कमी तोंड लावतात (भुकेलं हरीण काहीही खातं, ते सोडा).

हिनोकी जपानची, दिसायला सगळ्यात देखणी, जपानमध्ये इसेचं देऊळ दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात ते हिच्याच लाकडात. दाराजवळ लावायला बुटकी नाना ग्रॅसिलिस, वर्षाला जेमतेम दोन-चार इंच वाढते म्हणून महाग असते. महाग म्हणून मोठी घ्यायचा हट्ट नको, लहान कुंडीतली लवकर रुजते. पडदा हवा असेल तर क्रिप्सी, सोनेरी आहे, पण तिला जागा द्या.

सवारा पण जपानचीच, स्वस्त आणि चिवट. गोल्ड मॉप नावाने मिळणारी सोनेरी दोऱ्यांसारखी पानं हिचीच. तिच्या लेबलवर तीन-चार फूट लिहिलेलं असतं त्यावर विश्वास ठेवू नका, दहा-पंधरा वर्षांत खिडकी झाकते आणि मग मंडळी करवत घेऊन उठतात. जिथे पान उरलेलं नाही अशा जुन्या लाकडात कापलं तर तिथून पुन्हा फुटत नाही, कायमचं भगदाड. निळी बुलेव्हार्ड पण सवाराच, तिला दुपारच्या कडक उन्हापासून थोडी सावली द्या.

लॉसन सायप्रस फोटोत सुंदर, ओरेगॉनकडची. इकडच्या दमट उन्हाळ्यात आणि आपल्या चिकण मातीत घेऊ नका. मूळकुजीची बुरशी, फायटॉप्थोरा लॅटरॅलिस, तिच्या स्वतःच्या मुलखातच तिला मारत आलीय. विकणारा हे सांगत नाही.

अंगणात पाणी साचतं? मग आपली इथलीच अटलांटिक व्हाइट सीडर, दक्षिणेच्या पाइन बॅरन्समध्ये दलदलीत उभी असते ती. बाकी कुणालाच पाय सतत ओले चालत नाहीत. पाणी द्या म्हणतोय म्हणजे डबकं करा म्हणत नाही.

लावणी :
– खड्डा हुंडीच्या दोन-तीन पट रुंद, खोली हुंडीएवढीच
– खोड जिथे रुंदावतं तो भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे, चिकण मातीत इंच-दोन इंच उंचच
– गोल फिरलेली मुळं चाकूने उभी चिरून मोकळी करा
– तारेची जाळी, सुतळी, गोणपाट वरून तरी पूर्ण काढा
– काढलेलीच माती परत, खड्ड्यात कंपोस्ट भरू नका
– दोन-तीन इंच मल्च (मातीवर अंथरायचा सालीचा थर), खोडापासून चार बोटं लांब (डोंगर करून खोडाला टेकवू नका, लॉनवाले तसंच करतात)
– शरदात खत नाही

ऑक्टोबरमध्ये आतली जुनी पानं पिवळी-तपकिरी होऊन गळतात. ते नॉर्मल आहे. चारी बाजूंनी सारखं आणि फक्त आतून असेल तर काही करू नका. नेमकं ह्याच वेळी लॉन कंपनीचा माणूस दाराशी कागद लावून जातो, बुरशीनाशकाचे चार फवारे, मुळांचं टॉनिक, वर्षाचा प्रोग्राम. माझ्या ओळखीत एकाने असं सगळं केलं, टॉनिकची चाळीस डॉलरची बाटलीसुद्धा, फक्त पाणी दिलं नाही. शेंडे तपकिरी होत असतील तर बहुतेक वेळा ती तहान, आधी स्क्रूड्रायव्हर खुपसा. हिवाळ्याआधी पानांवर मारायचा मेणचट स्प्रे विकतात तोही कोरड्या मुळांची भरपाई करत नाही. त्यापेक्षा वाऱ्याच्या बाजूला चार काठ्या ठोकून गोणपाटाचा आडोसा करा, झाडाला गुंडाळू नका. रस्त्याकडेला असेल तर मिठाचे शिंतोडे पण त्यानेच अडतात.

एका किडीवर मात्र लक्ष ठेवा, कोळी (माइट, पानांतला रस शोषणारा बारीक जीव). स्प्रूस माइट नावाचा हा कोळी बाकीच्यांच्या उलटा आहे, गार हवेत वाढतो, सप्टेंबर-ऑक्टोबर आणि एप्रिल-मे. फांदीखाली पांढरा कागद धरून झटका, ठिपके चालायला लागले की समजा. आधी होजच्या जोरदार धारेने धुवा, आठवड्यातून दोनदा, माझ्याकडे बहुतेक वेळा तेवढ्यात भागतं. नाही भागलं तर हॉर्टिकल्चरल ऑइल, एक टक्का म्हणजे गॅलनमागे अडीच टेबलस्पून, पण बाटलीवरचं लेबल हेच शेवटचं. तहानलेल्या झाडावर किंवा रात्री पाणी गोठणार असेल तर मारू नका, आणि बुलेव्हार्डसारख्या निळ्या जातीवर तर नाहीच, निळाई धुऊन जाते. दुकानदार मुळाशी ओतायचं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक देईल, त्याने कोळी मरत नाही, उलट त्याच्यानंतर कोळी वाढलेला पुष्कळदा दिसतो.

आणि एवढं करूनही मार्चमध्ये कुठे तांबूस दिसलंच तर लगेच कात्री लावू नका. नखाने फांदीची साल खरवडा, आत हिरवं असेल तर मेपर्यंत थांबा, कोंब येतात. गोठलेली जमीन सुटली आणि आठवडाभर पाऊस नसेल तर बादली पुन्हा बाहेर काढा.