एसजीची मान खाली का जाते आणि ती वर कशी ठेवायची

एसजी ही गिब्सन कंपनीची पातळ बॉडीची, दोन शिंगांची इलेक्ट्रिक गिटार. उभं राहा, गिटार गळ्यात घाला, मान नेहमी वाजवता त्या कोनात आणा आणि दोन्ही हात अलगद सोडा. फक्त हेडस्टॉकच्या (मानेच्या टोकाला तारा पिळायच्या खुंट्या असतात तो भाग) खाली वीतभर अंतरावर तळवा राहू द्या, नाहीतर परीक्षा टेबलाच्या कडेवर संपायची. मान जागच्या जागी राहिली तर उत्तम. हळूहळू जमिनीकडे निघाली तर पुढे वाचा.

माझ्याकडे ठाण्यात सेटअपला येणाऱ्या गिटारींत ही तक्रार बहुतेकदा वेष बदलून येते. "ताई, ॲक्शन अजून खाली घ्या, बार कॉर्डला मनगट भरून येतं." ॲक्शन, म्हणजे तारांची मानेपासूनची उंची, बघावी तर ठीक असते. मग मी त्या मुलाला उभं राहून वाजवायला सांगते आणि त्याच्या डाव्या अंगठ्याकडे बघते. अंगठा मानेला मागून चिमटा घेऊन बसलेला असतो, कारण तो हात वाजवतोही आहे आणि गिटार उचलूनही धरतो आहे. खाली वाकलेल्या मानेवर पहिल्या फ्रेटवरून (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवरून) बाराव्यावर उडी मारायची तर आधी पकड सोडायला हवी, आणि पकड सोडली की मान निसटते. दुसरीकडे उजवं कोपर बॉडीला वरून दाबून ठेवतं. वेगाचे व्यायाम कितीही करा, हे दोन हात हमालीत अडकलेत तोवर फायदा नाही.

कारण शोधायला लाटणं पुरतं. त्याला नॅपकिन गुंडाळा, पलंगावर ठेवा, त्यावर गिटार पाठीवर आडवी ठेवा आणि तिच्याखाली लाटणं मागेपुढे सरकवून ती समतोल कुठे राहते ते बघा. त्या जागी मास्किंग टेपचा तुकडा लावा. आता स्ट्रॅप, म्हणजे खांद्यावरचा पट्टा, अडकवायचं पुढचं बटण कुठे आहे ते पाहा. बटण टेपच्या बरंच पुढे, हेडस्टॉकच्या बाजूला असेल तर गिटार शांत राहते. बटण टेपला चिकटून किंवा टेपच्या मागे, बॉडीकडे असेल तर मान पडणारच. अशा गिटारला खांद्यावरचं घर्षण आणि तुमचे हात एवढाच आधार.

फेंडर कंपनीची स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) ही भानगड करत नाही, कारण तिचं वरचं शिंग जवळजवळ बाराव्या फ्रेटपर्यंत पोचतं आणि बटण त्याच्या टोकाला असतं. ते शिंग शोभेचं नाही. फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस हा बेस गिटार काढला, तेव्हा मान लांब आणि खुंट्या जड, म्हणून वरचं शिंग पुढे ओढलं. १९५४ च्या स्ट्रॅटने तेच उचललं. गिब्सनची एसजी १९६१ ची. गिब्सनचीच आधीची लेस पॉल गिटार जाड आणि जड वाटायची, म्हणून बॉडी पातळ केली, दोन्ही बाजूंनी खाचा दिल्या आणि मान इतकी बाहेर काढली की बाविसावा फ्रेटसुद्धा मोकळा झाला. सुरुवातीला नावही लेस पॉलच होतं, एसजी नंतरचं. वरच्या फ्रेटांवर हात सहज पोचतो हे सुख तिथून आलं आणि दुखणंही तिथूनच. मान पुढे गेली, बॉडी हलकी झाली, आणि बटण बसलं मान जोडतात तिथे, पाठीमागे. तरी ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी आणि एसी/डीसीचा अँगस यंग यांनी याच आकारावर अख्खी कारकीर्द काढली, तेव्हा गिटार विकायची घाई नको.

आधी फुकटचं करा. हेडस्टॉकवरचा क्लिप ट्यूनर काढा, आणि तिथेच अडकवून ठेवलेला कॅपो, म्हणजे मानेवर तारा दाबून धरणारा चिमटा, तोसुद्धा. कॅपोची जागा खिसा. मग स्ट्रॅप दोन भोकं वर घ्या. गिटार गुडघ्याजवळ लोंबकळत ठेवली की मान आडवी होते आणि हेडस्टॉक बटणापासून लांबात लांब जातो. मान पंचेचाळीस अंशांवर आणली की तेच आडवं अंतर सुमारे सत्तर टक्क्यांवर येतं, म्हणजे खाली ओढणारा जोरही तेवढाच राहतो. दिसायला कसं दिसतं हा प्रश्न तुमचा.

यानंतर स्ट्रॅप बदला, आणि माझ्या मते बहुतेकांचं काम इथेच भागतं. मान पडते म्हणजे नेमकं काय होतं? स्ट्रॅप खांद्यावरून मागून पुढे सरकतो. तो सरकला नाही तर मान पडायला वाटच नाही. गिटारबरोबर फुकट मिळणारी नायलॉनची पट्टी गाडीच्या सीटबेल्टसारखी गुळगुळीत असते, आणि ऑर्केस्ट्रातल्या मंडळींचे चकचकीत सॅटिनचे कोट त्यावर कळस. अडीच-तीन इंच रुंद, आतून खरखरीत असलेला कातड्याचा स्ट्रॅप घ्या. बाहेरून कातडं आणि आतून गुळगुळीत रेक्झिन असा नको, विकत घेताना आतल्या बाजूवर तळवा फिरवून बघा. तयार परवडत नसेल तर धारावीत कातड्याचं काम करणारे मापाने पट्टा कापून, शिवून देतात, त्यांना फक्त सांगा की खरखरीत बाजू अंगाकडे हवी. त्याहून स्वस्त म्हणजे जुन्या स्ट्रॅपच्या आत, खांद्यावर टेकतो त्या फूटभर भागात, ड्रॉवरमध्ये अंथरतात ती जाळीदार रबरी मॅट शिवून घ्या. एक पथ्य: असा स्ट्रॅप गिटारला लावलेला ठेवून केस बंद करू नका. नायट्रोसेल्युलोजचं पॉलिश काही रबरांशी आणि व्हिनाइलशी जमवून घेत नाही, चिकट डाग पडतात आणि ते निघत नाहीत.

खरखरीत स्ट्रॅपची खोड अशी की तो शर्ट धरून ठेवतो आणि कॉलर गळ्याशी ओढली जाते. ते सहन होत नसेल, किंवा मान त्यालाही जुमानत नसेल, तर बटण हलवायचं. खरा इलाज हाच, पण लाकडाला भोक पाडायचं आहे, म्हणून आधी तालीम. बुटाची नाडी वरच्या शिंगाभोवती फास घालून आवळा, स्ट्रॅपचं पुढचं टोक तिला बांधा, गिटारखाली हात ठेवून उभे राहा. फरक जाणवला तरच ड्रिल काढा. एसजीचं शिंग आखूड असल्याने बटण थोडंच पुढे जातं, पण तेवढ्यानेही मानेचा हट्ट बराच उतरतो.

जागा शिंगाच्या पाठीमागची, टोकापासून जरा आत, जिथे लाकूड सगळ्यात जाड असेल तिथली. एसजीची बॉडी मधे सुमारे ३५ मिमी जाड असते, पण शिंगांच्या कडा तासलेल्या असल्याने टोकाकडे ती झपाट्याने पातळ होते. स्क्रू त्या जागेच्या जाडीपेक्षा निदान आठ-दहा मिमी आखूड हवा, नाहीतर तो पुढच्या बाजूने डोकावेल. ड्रिलचा बिट निवडताना तो स्क्रूच्या समोर धरा. स्क्रूचा दांडा बिटाआड झाकला गेला पाहिजे आणि आटे दोन्ही बाजूंनी दिसले पाहिजेत. मास्किंग टेप लावा, खुणेवर टोच्याने खळगा करा, बिटवर खोलीच्या खुणेसाठी टेपचा तुकडा गुंडाळा आणि सावकाश भोक पाडा. मग भोकाच्या तोंडाशी मोठा बिट नुसत्या बोटांनी दोन वेळा फिरवून पॉलिशची कड मोडा, म्हणजे स्क्रू पिळताना रंगाचे टवके उडत नाहीत. आट्यांना मेणबत्ती घासा. साबण घासू नका, तो ओल धरतो आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात स्क्रू गंजतो. बटणाखाली नमद्याची चकती, आणि शेवटचे दोन फेरे हाताच्या स्क्रूड्रायव्हरने. ड्रिल मशीनवर पिळाल तर महोगनीतले आटे जातील. गेलेच, तर दातकोरण्यांना फेव्हिकॉल लावून भोकात ठासा, रात्रभर वाळू द्या आणि पुन्हा पिळा.

जुनं बटण मात्र काढू नका. भोक उघडं पडतं आणि पुढे गिटार विकताना घेणारा त्यावरून भाव पाडतो.

शेपटीकडे वजन लावा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. मी तो नंतरचा ठेवते, कारण हलकी गिटार घेऊन तिला जड करण्यात मला गंमत वाटत नाही. पण भाड्याच्या किंवा कुणाच्या आठवणीतल्या गिटारला भोक पाडता येत नाही, तेव्हा हाच मार्ग. टायरवाल्याकडे चाक बॅलन्स करायच्या चिकटपट्टीच्या वजनांच्या पट्ट्या मिळतात, पाच-पाच, दहा-दहा ग्रॅमचे तुकडे. त्या गिटारला चिकटवू नका. कापडी थैलीत घालून थैली स्ट्रॅपवर मागच्या बटणाजवळ शिवा. शंभर ग्रॅमपासून सुरू करून मान थांबेपर्यंत वाढवत न्या. तीनशेच्या पुढे जावं लागत असेल तर मूळ अडचण दुसरीकडे आहे असं समजा. कंट्रोलच्या पोकळीत धातू ठेवायचा मोह टाळा, एखादी तार टेकली की आवाज बंद. वायरलेस वापरत असाल तर त्याचा खोका स्ट्रॅपवर मागे, कमरेजवळ लावा, तेच वजन कामाला येतं.

वजन घालण्यापेक्षा समोरचं काढलेलं बरं. एसजीच्या मान जोडतात तिथल्या बटणापासून हेडस्टॉकचा मध्य पन्नास सेंटीमीटरपेक्षा लांब, आणि शेपूट पस्तीसच्या आसपास. म्हणजे हेडस्टॉकवर साठ ग्रॅम कमी केले तर शेपटीला सुमारे नव्वद ग्रॅम लावल्यासारखं होतं. जड, बंद डबीच्या खुंट्या काढून जुन्या धाटणीच्या हलक्या बसवल्या तर एका खुंटीमागे दहा-पंधरा ग्रॅम सहज वाचतात, आणि खुंट्या सहा आहेत. मागवण्याआधी हेडस्टॉकमधल्या भोकाचा व्यास मोजा: बंद डबीला साधारण १० मिमी लागतं, जुन्या धाटणीला त्याहून कमी, तेव्हा जुळवणीच्या कड्या घ्याव्या लागतील. पाठीमागे स्क्रूच्या भोकांच्या जुन्या खुणाही उघड्या पडतात.

बेसवाल्यांनी मात्र हा क्रम उलटा करावा, खुंट्यांपासून सुरुवात. चौतीस इंची स्केलवर (तारेच्या वाजणाऱ्या लांबीवर) हेडस्टॉक आणखी लांब जातो, तिथल्या चार खुंट्या गिटारच्या खुंट्यांहून कितीतरी जड असतात आणि वजन उतरवलेल्या खास बेसच्या खुंट्या बाजारात आहेत. गिब्सनच्या थंडरबर्डच्या आकाराचा बेस असेल तर हलक्या खुंट्या आणि रुंद स्ट्रॅप दोन्ही एकदमच घ्या.