सिग्नलला उभी गाडी थरथरते: माउंटिंगआधी कॉइल तपासा

चार सिलिंडरची पेट्रोल गाडी. न्यूट्रलमध्ये स्टिअरिंग थरथरायचं, वेग घेतला की शांत. अशा वेळी इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर टेकतं ते रबरी आधार) बदलण्याची घाई नको. आधी आरपीएमचा काटा बघा. तो ७५०-८०० वर स्थिर असून केबिन हादरत असेल तर संशय माउंटिंगवर. काटा नाचत असेल तर मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही.

इथे काटा नाचत होता. स्कॅनरवर पी०३०२ हा फॉल्ट कोड, म्हणजे मिसफायर दुसऱ्या सिलिंडरमध्ये. इंजिन बंद करून दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) अदलाबदल केली, कोड पुसला. पुन्हा चालू केल्यावर पी०३०३ आला. दोष कॉइलसोबत सरकला, म्हणजे कॉइलच खराब. कोड जागेवरच राहिला असता तर पुढे प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन या क्रमाने जायचं.

नवी कॉइल टाकली. प्लगही काढून पाहिले: ठिणगी पडते तो गॅप १.३ मिमीपर्यंत वाढलेला, मॅन्युअलमध्ये १.१. गॅप वाढला की कॉइलवर ताण येतो, म्हणून चारही प्लग बदलले. प्लग थंड इंजिनवरच काढा, गरम ॲल्युमिनियम हेडचे आटे जातात. मिसफायर असताना गाडी चालवत राहू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेतला धूर स्वच्छ करणारा भाग) जाळतं.