कोबीच्या पानावरचा पिवळा त्रिकोण ओळखा

नाशिककडच्या दिंडोरी, गिरणारे भागात कोबी लावणाऱ्यांनी सकाळी पानांच्या कडा बघाव्यात. कडेपासून आत निमुळता होत जाणारा पिवळा त्रिकोण दिसला आणि त्यातल्या शिरा काळ्या पडल्या असतील, तर तो जिवाणूंमुळे होणारा घाण्या रोग समजा. खताची कमतरता समजून युरिया टाकू नका! पानाच्या कडेला जिथे पहाटे पाण्याचे थेंब साचतात, तिथल्या सूक्ष्म छिद्रांतून हे जिवाणू आत शिरतात आणि शिरांमधून थेट दांड्यापर्यंत जातात. पुढे गड्डा सडतो, वास सुटतो.

रोग बहुतेकदा बियाण्यातून येतो. साधे बी असेल तर ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ३० मिनिटे बुडवून लगेच थंड करा, सावलीत वाळवा. तापमान थर्मामीटरनेच मोजा, अंदाजाने बी मरते. औषध लावलेल्या रंगीत बियाण्याला हे करू नये.

दव असताना पिकात फिरू नका, तुषारऐवजी ठिबक बरे. आणि त्याच वावरात पुढची दोन-तीन वर्षे फ्लॉवर, मुळा, मोहरी नको. ती सगळी कोबीचीच भावंडे, रोगही तोच.