गॅस गिझर बसवताना: जाळ बाहेर, पाणी आत

आजोळी मागच्या पडवीत तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत चिपाडं आणि गोवऱ्यांचे तुकडे, भोवती पाणी. वरून तांब्याभर गार पाणी ओतलं की तोटीतून तेवढंच कढत पाणी बाहेर यायचं. बंब पेटायचा पडवीत, आंघोळ व्हायची मोरीत. गॅस गिझर म्हणजे जवळजवळ हाच प्रकार, फक्त पाणी साठवून न ठेवता जाता जाता तापवणारा. पण फ्लॅटमध्ये आल्यावर आपण हा जाळ बाथरूममध्ये नेला आणि वर आतून कडीही लावली.

आमचा पंधरा लिटरचा विजेचा गिझर गळायला लागला तेव्हा मी गॅसवर जायचं ठरवलं. तिसऱ्याच्या आंघोळीला पाणी कोमट, चौथा ताटकळत, हे रोजचं झालं होतं. प्लंबर आला, बाथरूमच्या दारावरची भिंत ठोकून बघितली आणि म्हणाला, "काका, इथंच लावतो. सगळे आतच लावतात." मी त्याला आधी चहा पाजला, मग ड्राय बाल्कनी दाखवली.

आधी जागा ठरवा, मग मशीन

थोडा हिशोब करू. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गिझर पूर्ण जाळावर मिनिटाला साधारण 17 ग्रॅम एलपीजी जाळतो. तेवढा गॅस नीट जळायला सुमारे आठ घनफूट हवा लागते. पाच बाय चार फुटांच्या, आठ फूट उंचीच्या बाथरूममध्ये एकूण हवा 160 घनफूट. म्हणजे दार-खिडकी बंद करून दहा मिनिटं गरम पाणी सोडलं, तर निम्म्या हवेतला ऑक्सिजन संपवण्याइतकं काम त्या बर्नरनं केलेलं असतं. ऑक्सिजन कमी पडला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं, आणि मग समोरची कडीही काढता येत नाही. गॅसगळतीचा जो वास आपल्याला ओळखीचा आहे तो गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा असतो. जळून गेलेल्या गॅसला तो उरत नाही, त्यामुळे नाकावर विसंबून चालत नाही.

म्हणून गिझर उघड्या ड्राय बाल्कनीत, मागच्या गॅलरीत किंवा बाहेरच्या भिंतीवर छपराखाली लावा. काचा लावून बंद केलेली बाल्कनी म्हणजे पुन्हा खोलीच. बाथरूमची खिडकी त्याच गॅलरीत उघडत असेल तर गिझर तिच्या खाली किंवा अगदी शेजारी नको. "एक्झॉस्ट फॅन आहे की" हे उत्तर चालणार नाही, कारण एखाद्या दिवशी तो लावायचा राहतोच. बाहेर जागाच नसेल तर गॅस गिझर घेऊ नका. विजेचाच जरा मोठा घ्या. यात मी तडजोड सुचवणार नाही.

बाहेर लावल्यावर वाऱ्याची झुळूक ज्योत विझवू शकते, म्हणून आडोशाची भिंत निवडा. पण प्लायवूडच्या कपाटात कोंडू नका. वरचे धुराचे झरोके आणि खालचा हवेचा भाग मोकळा हवा. वर वाळत घातलेले कपडे नकोत.

बादली लावून दाब मोजा

गिझर पेटतो तो पाण्याच्या जोरावर. नळ सोडला की पाण्याच्या दाबानं आतला रबरी पडदा सरकतो, तो गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि सेलवर ठिणगी पडते. पाण्याला जोर नसेल तर काहीच होत नाही. वीस लिटरची बादली घ्या, मोबाइलवर वेळ लावा. साडेतीन मिनिटांच्या आसपास भरली तर उत्तम. आठ-दहा मिनिटं लागत असतील तर गिझर पेटेलच असं नाही.

सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी जास्त सांभाळून. पाण्याची टाकी दहा मीटर वर असेल तर एक बार (दाब मोजायचं माप) दाब मिळतो. टाकी डोक्यावर अडीच मीटरवर असेल तर जेमतेम पाव बार. मशीनला किमान किती दाब लागतो ते खोक्यावर छापलेलं असतं, दुकानातच वाचा. कमी पडत असेल तर आधी प्रेशर पंपाचा खर्च धरा.

गॅस कुठला?

सिलिंडरचा एलपीजी आणि पाइपचा पीएनजी यांचा दाब वेगळा, जळण्याची ताकद वेगळी, म्हणून बर्नरचे जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक भोकं, तीही वेगळी. मशीनवर जो गॅस लिहिलाय तोच जोडायचा. पाइप गॅस असेल तर नवा पॉइंट कंपनीच्या माणसाकडूनच काढून घ्या. सिलिंडर असेल तर गिझरसाठी वेगळा सिलिंडर आणि वेगळा रेग्युलेटर बरा. शेगडीची नळी कापून मध्ये टी (दोन फाटे काढणारा जोड) घालायचा जुगाड करू नका. नारिंगी सुरक्षा ट्यूब वापरा, ती पाच वर्षांनी बदला. सिलिंडर उभा, जमिनीवर, मोकळ्या जागी. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळाला तर खाली साचतो. तिथं गटाराची उघडी जाळी नको.

खर्चाचं गणित असं. वीस लिटरची बादली 25 अंशांनी तापवायला, मशीनची कार्यक्षमता 80 टक्के धरून, साधारण 57 ग्रॅम गॅस लागतो. 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये अडीचशे बादल्या. रोज पाच बादल्या लागल्या तर पन्नास दिवस. विजेला त्याच बादलीमागे सुमारे 0.6 युनिट, टाकी तासभर उगाच तापत ठेवली तर आणखी जास्त. तुमच्या सिलिंडरची किंमत आणि बिलावरचा युनिटचा दर यात घालून बघा. मी पैशांसाठी बदललं नाही, रांग मोडावी म्हणून बदललं.

जोडणी

जुन्या गिझरची मेन एमसीबी, म्हणजे विजेच्या बोर्डावरचा खटका, खाली करून बंद करा, पाणी काढून टाका आणि मगच तो उतरवा. भरलेली टाकी उतरवताना आमच्या प्लंबरनं स्वतःसकट माझीही आंघोळ करून घेतली. नवं मशीन पाच-सहा किलोचंच असतं, दोन फास्टनरवर टांगलं जातं. भोक पाडण्याआधी भिंतीत पाइप कुठून गेलेत ते विचारा.

गरम पाण्यासाठी साधा पीव्हीसी पाइप नको, गरम पाणी सोसणारा सीपीव्हीसी घ्या. बाथरूममध्ये जुन्या गिझरची गरम लाइन भिंतीत असतेच, बाल्कनीतून आलेला पाइप तिलाच जोडला की टाइल्स फोडाव्या लागत नाहीत. गार पाण्याच्या तोंडाशी अँगल कॉक (पाणी बंद करायची छोटी तोटी) हवाच, आणि आत जाळीही. अर्ध्या इंची आठ मीटर पाइपात लिटरभर पाणी मावतं, त्यामुळे सुरुवातीचं तेवढं पाणी गारच येणार. ते कुंड्यांना घाला.

पहिल्यांदा पेटवताना

आधी नुसतं पाणी सोडा, पाइपातली हवा आणि कचरा निघू द्या. मग सेल घाला. त्यानंतर गॅस सुरू करा आणि प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावा. बुडबुडा फुगला तर लगेच बंद. काडी लावून गळती बघणारे लोक मी पाहिलेत, तसं करू नका. गॅसचा वास आलाच तर रेग्युलेटर बंद करा, कुठलंही बटण दाबू नका. एलपीजी गळतीसाठी 1906 हा क्रमांक आहे.

नळ सोडल्यावर टक टक टक आणि मग हलकेच "भुप्प" असा आवाज यायला हवा. ज्योत निळी हवी. पिवळी, काजळी धरणारी असेल किंवा "भडाम्" करून पेटत असेल तर कंपनीच्या मेकॅनिकला बोलवा, स्वतः उघडू नका.

शॉवरखाली एक गंमत होते. पाणी फार कढत लागतं म्हणून आपण मिक्सर गारकडे फिरवतो. त्यामुळे गिझरमधून जाणारं पाणी कमी होतं, राहिलेलं आणखी तापतं, आणि एका क्षणी ज्योत विझून अंगावर बर्फासारखी धार. पहिला आठवडा मी असाच ओरडत होतो. उपाय सोपा आहे. मिक्सरला हात लावू नका, मशीनवरचाच खटका फिरवून पाणी अंगाला सोसेल एवढं ठेवा. बऱ्याच मशीनवर उन्हाळा-हिवाळ्याचा वेगळा खटका असतो. काही मशीन वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात. तो बिघाड नव्हे, सुरक्षेची सोय आहे.

बोअरचं पाणी असेल तर आतल्या तांब्याच्या नळ्यांत क्षार बसतो, धार बारीक होते. वर्षातून एकदा मेकॅनिककडून साफ करून घ्या. गॅलरीतल्या मशीनमध्ये कोळी जाळी करतात, तीही तेव्हाच निघतात. पाण्याची जाळी महिन्याकाठी स्वतः धुवा. ठिणगीचा टकटकाट मंदावला की सेल बदला. दोन मोठे सेल स्वयंपाकघराच्या खणात राखून ठेवा. ते संपतात ते हमखास डोक्याला शिकेकाई लावल्यावरच.