यलो रॅटल उगवत नाही? या चुका टाळा

गवत माजलंय, रानफुलं टिकत नाहीत, म्हणून लोक यलो रॅटल हे थंड प्रदेशातलं पिवळ्या फुलांचं रानरोप पेरतात आणि वर्षभराने विचारतात, बी खराब होतं का हो? बऱ्याचदा बी ठीक असतं, पेरणाऱ्यालाच घाई असते.

हे एक प्रकारचं बांडगूळच, फक्त फांदीवर न बसता जमिनीखाली गवताच्या मुळांना चिकटणारं. पानं हिरवी, अन्न स्वतः बनवतं, पण पाणी आणि क्षार गवताकडून ओढतं, त्यामुळे गवत दबतं आणि बाकीच्या फुलांना जागा मिळते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे थंडी संपल्यावर पेरणं. ओल्या मातीत काही आठवडे ५ अंशांच्या खालची थंडी खाल्ल्याशिवाय हे बी रुजतच नाही. मी स्वतः एका वर्षी कंटाळा केला, बी बरणीत ठेवून दिलं आणि मार्चमध्ये टाकलं, एकही रोप नाही. उरलेलं बरणीतच राहिलं, ते पुढच्या हिवाळ्याआधीही नाही तर त्याच्याही पुढच्या वर्षी अगदी वेळेवर पेरलं, तर आली चार रोपं, मोजून चार! बी जुनं झालं की दम जातो त्याचा. आता मी त्याच मोसमात धरलेलं बी हिवाळ्याआधी पेरून मोकळा होतो. फ्रीजमध्ये ठेवायचा जुगाड मला सांगू नका, जमतो कधीकधी, पण बाहेर थंडी फुकट मिळत असताना कशाला?

दुसरं, दाट गवतावर बी नुसतं भुरभुरवणं. ते वरच अडकतं, मातीला लागतच नाही. गवत अगदी बुडाशी कापा, मग दाताळ्याने निम्मी माती उघडी दिसेपर्यंत खरवडा. हात दुखले नाहीत तर कमी खरवडलंय असं समजा. चौरस मीटरला अर्धा ते एक ग्रॅम बी पुरे, पुरायचं नाही, वर टाकून पायाने दाबायचं.

खत? अजिबात नाही. गवतच पोसाल.

आणि फुलं सुकली, कळकट दिसतंय म्हणून लगेच मशीन फिरवू नका. झाड एका वर्षाचं, मातीत बियांचा साठा राहत नाही, बी पडायच्या आत कापलं की पुढच्या वर्षी पाटी कोरी. मी तारीख बघत नाही, वाळलेला दांडा कानाशी धरून हलवतो, आत खुळखुळ्यासारखं वाजलं की आठवडाभर थांबून कापतो, आणि कापलेलं गवत झटकून उचलून नेतो.